सेक्टरांखालची गावे

चंदीगडची गोष्ट आपल्याकडे एकाच पद्धतीने सांगितली जाते. फाळणी झाली, लाहोर पाकिस्तानात गेले, पूर्व पंजाबला राजधानी उरली नाही. मग नेहरूंनी परंपरेच्या ओझ्यातून मोकळ्या अशा नव्या शहराचे स्वप्न पाहिले आणि १९५१ मध्ये ल कॉर्बुझिए येऊन शिवालिकच्या पायथ्याशी एक आखीव शहर उभे राहिले. या गोष्टीत कुठेही खोटे नाही. पण तिची सुरुवात कोऱ्या कागदापासून होते आणि चंदीगडचा कागद कधीच कोरा नव्हता. १९५० पूर्वी ही जमीन अंबाला जिल्ह्याच्या खरड तहसिलीतली होती. तिथे शेती होती, आमराया होत्या, तलाव आणि विहिरी होत्या, गायराने होती. प्रत्येक गावाला नाव होते आणि महसुली दप्तरात क्रमांक होता. ११४ चौरस किलोमीटरच्या आजच्या केंद्रशासित प्रदेशाला स्वतंत्र भारताचे पहिले नियोजित शहर म्हणून ओळखणे पुरेसे नाही. तो मुळात एक ग्रामीण मुलूख आहे. त्याचा भूगोल आणि इतिहास तसा वाचला नाही, तर या शहराचे आजचे प्रश्नही कळत नाहीत. आणि रायगड जिल्ह्यात नवी शहरे आखायला निघालेल्या महाराष्ट्राला यातून शिकण्यासारखे बरेच आहे.

आधी भूगोल पाहू. शिवालिक हा हिमालयाचा सर्वांत बाहेरचा आणि सर्वांत कच्चा डोंगर. माती, वाळू आणि गोटे यांचे थर एकमेकांवर रचलेले. झाडोरा गेला की पहिल्या जोरदार पावसात ते वाहून जातात. या डोंगरातून उतरणाऱ्या पावसाळी ओढ्यांना तिकडे ‘चो’ म्हणतात. वर्षातले बहुतेक महिने कोरडी वाळू आणि पावसाळ्यात काही तास अक्राळविक्राळ लोंढा, असा त्यांचा स्वभाव. या चोंनी शेती गिळायला सुरुवात केली तेव्हा ब्रिटिश सरकारला १९०० मध्ये त्यांच्यासाठी स्वतंत्र कायदा करावा लागला होता. चंदीगड अशाच दोन प्रवाहांच्या मध्ये वसले आहे. पश्चिमेला पटियाला की राव, पूर्वेला सुखना चो आणि त्याच्याही पलीकडे घग्गर. सतलज आणि घग्गर यांच्यामधल्या या पट्ट्याला पुआध म्हणतात आणि इथली पुआधी बोली पंजाबीच्या इतर बोलींहून वेगळी ओळखू येते. गावे बसली ती चोच्या काठापासून जपून, उंचवट्यावर. हे शहाणपण कुठल्या आराखड्यात लिहिलेले नव्हते, वस्तीच्या जागेतच ते दिसत होते.

इतिहासही असाच खोल आहे. शहराच्या ऐन मध्यावर, सेक्टर १७ मध्ये बांधकामासाठी खोदकाम चालू असताना १९६९ च्या सुमारास हडप्पाकालीन दफने सापडली. म्हणजे ज्या चौकाला शहराचे आधुनिक हृदय म्हटले जाते, त्याच्याखाली चार हजार वर्षांपूर्वीची माणसे निजलेली होती. मराठी वाचकाला सरहिंद हे नाव परके नाही. राघोबादादांच्या फौजांनी १७५८ च्या मार्चमध्ये ते घेतले आणि पुढच्याच महिन्यात त्या लाहोरात पोहोचल्या. ते सरहिंद इथून जेमतेम पन्नास किलोमीटरवर आहे. मराठे परतले, पानिपत झाले, सरहिंदवरची अफगाणांची पकड सुटली आणि त्या पोकळीत १७६४ च्या सुमारास एका महसुली अधिकाऱ्याच्या गरीबदास नावाच्या वंशजाने ८४ गावे ताब्यात घेऊन मनीमाजरा हे छोटे संस्थान उभे केले. आज पंचकुल्यात असलेले मनसादेवीचे मंदिर त्याच घराण्यातल्या गोपालसिंगाने १८११ ते १८१५ या काळात बांधले. मनीमाजरा आज महानगरपालिकेच्या हद्दीतली एक गजबजलेली वस्ती आहे. ज्या चंडीमंदिरावरून शहराला नाव मिळाले, ते तर चंदीगडच्या हद्दीतही नाही, हरियाणात आहे.

पंजाबच्या महसुली व्यवस्थेत प्रत्येक गावाला ‘हदबस्त’ क्रमांक असतो. त्या क्रमांकाखाली गावाचा शजरा असतो, म्हणजे शेतवार नकाशा. पटवाऱ्याच्या वापराची प्रत कापडावर काढलेली, म्हणून तिला लठ्ठा म्हणतात. सोबत जमाबंदी असते. शेत कोणाचे, कसतो कोण, पाणी कुठल्या विहिरीचे आणि त्यात वाटा किती, जमीन कुठल्या प्रतीची, हे सगळे तिच्यात. आपल्या सातबाऱ्याची ती भावंडच. पण याहून मोलाचा कागद म्हणजे ‘वाजिब-उल-अर्ज’. गावाचे रिवाज त्यात नोंदलेले असतात. गायरानात कोणाची गुरे चरतील, तलावातला गाळ कोण काढील, पडिकातल्या झाडांवर हक्क कोणाचा, बलुतेदारांना काय मिळेल. शामलात, म्हणजे साऱ्या गावाची सामाईक जमीन, हा या सगळ्याचा कणा. १८९४ च्या भूसंपादन कायद्याने पहिल्या टप्प्यात १७ गावांची जमीन घेतली गेली, पुढच्या टप्प्यांत आणखी गावे गेली. शहजादपूर, रुडकी पडाव, कालीबड, कंथाला, बजवाडा ही त्यांतली काही नावे. शेतकऱ्यांनी विरोध केला, तो मोडून काढला गेला. मोबदला मिळाला तो ज्याच्या नावावर जमीन होती त्याला. शामलातीत गुरे चारणारा, दुसऱ्याच्या शेतावर राबणारा, गावाच्या वाट्यावर जगणारा कारागीर हे त्या कायद्याला दिसतच नव्हते. जमिनीची किंमत ठरवता येते, सामाईक हक्काची किंमत ठरवायला त्या कायद्यात रकाना नव्हता.

जी गावे उरली, त्यांची कहाणी अधिक अवघड आहे, कारण ती अजून चालू आहे. १९५२ च्या परिघ नियंत्रण कायद्याने शहराभोवती पाच मैलांचा आणि पुढे १९६२ मध्ये दहा मैलांचा पट्टा बांधकामासाठी बंद केला. हेतू चांगला होता: शहराभोवती शेती आणि हिरवळ टिकावी, बकाल वाढ होऊ नये. पण नियम पाळण्याचे ओझे पडले ते गावांवर. सरकारांनी मात्र त्याच पट्ट्यात मोहाली आणि पंचकुला ही शहरे वसवली, लष्करी छावणी उभी केली. गावकऱ्याला घर वाढवायचे तर ‘लाल डोऱ्या’च्या आत, म्हणजे जुन्या गावठाणाच्या रेषेत. ती रेषा आखली गेली तेव्हाची कुटुंबे आणि आजची कुटुंबे यांत तीन पिढ्यांचे अंतर आहे. साहजिकच घरे रेषेबाहेर गेली आणि सरकारदरबारी बेकायदा ठरली. नवी मुंबईतल्या वाचकाला यातले काहीही समजावून सांगायची गरज नाही. ‘गरजेपोटी बांधलेली घरे’ हे शब्द तिथे दर निवडणुकीत ऐकू येतात.

बुडैल हे आज सेक्टर ४५ मधले गाव. तिथल्या जुन्या किल्ल्याच्या भिंतींच्या आत घराला घर चिकटून वस्ती आहे. पण शहराच्या बोलण्यात बुडैल म्हणजे तुरुंग, कारण चंदीगडचा तुरुंग त्याच नावाने ओळखला जातो. डड्डूमाजऱ्याचे नाव बातम्यांत येते ते शहराच्या कचऱ्याच्या डोंगरामुळे. नियोजित शहराला जे आपल्या सेक्टरांत नको होते, ते गावांच्या वाट्याला गेले. स्वस्त भाड्याची खोलीही त्यातच आली. सेक्टरांमध्ये धुणीभांडी करणारे, रिक्षा चालवणारे, बांधकामावर राबणारे राहतात ते बुडैल, पलसोरा, मौली जागरां, हल्लोमाजरा अशा गावांत. कॉर्बुझिएच्या आराखड्यात या माणसांसाठी पुरेशी जागा नव्हती. ती गावांनी दिली, आणि गावे ‘बकाल’ झाली म्हणून बोलही गावांनीच ऐकले. २०११ च्या जनगणनेत चंदीगडची ग्रामीण लोकसंख्या सुमारे २९ हजार, म्हणजे तीन टक्क्यांहूनही कमी भरली. महानगरपालिकेने आधी काही गावे सामावून घेतली, २००६ मध्ये आणखी पाच घेतली आणि २०१८-१९ मध्ये कैंबवाला, खुड्डा अलीशेर, सारंगपूर, धनास, किशनगढ अशी उरलेली १३ गावेही शहरात गेली. त्यांच्या ग्रामपंचायती संपल्या. गटारे, रस्ते, पाणी यांसाठी महापालिका हवी हे मान्य. पण पंचायत गेली तेव्हा गावाच्या वतीने बोलणारी आणि गावाची सामाईक मालमत्ता कोणती हे सांगणारी एकमेव कायदेशीर संस्था गेली, आणि तिची जागा घेणारे काहीही उभे केले गेले नाही.

एवढ्यावर कोणी म्हणेल की हे हळहळण्यापुरते ठीक आहे, शहर चालवायला गावांच्या जुन्या नोंदींची गरज काय? याचे उत्तर सुखना तलावाने दिलेले आहे. १९५८ मध्ये सुखना चो अडवून हा तलाव केला गेला. तलाव सुंदर होता, पण वर डोंगर कच्चा होता. दीड दशकात तलावाची निम्म्याहून अधिक साठवण गाळाने भरली. गाळ उपसण्यावर खर्च होत राहिला आणि पाऊस दरवर्षी नवा गाळ आणत राहिला. मग चंदीगडच्या मृदा व जलसंधारण संशोधन केंद्राचे पी. आर. मिश्रा आणि त्यांचे सहकारी गाळाचा माग काढत ओढ्याच्या उगमाकडे गेले आणि शहरापासून २५-३० किलोमीटरवरच्या सुखोमाजरी या छोट्या गावी पोहोचले. डोंगर उघडा पडला होता, कारण कोरडवाहू शेती बेभरवशाची असल्याने लोक शेळ्या-गुरांवर जगत होते आणि जनावरे डोंगर कुरतडत होती. कुंपण घालून, दंड करून डोंगर वाचणार नव्हता. १९७० च्या दशकाच्या मध्याला तिथे मातीचे छोटे बंधारे बांधून पावसाचे पाणी अडवले गेले आणि शेताला दिले गेले. पीक हाती आल्यावर चराई आवरायला गावकरी स्वतः तयार झाले. पाण्यात प्रत्येक घराला वाटा ठरला, ज्याला जमीन नाही त्यालाही. डोंगरातले भाबर गवत पूर्वी कागद गिरणीच्या ठेक्यात जात असे, ते गावाच्या संस्थेला मिळाले. डोंगर हिरवा झाला, त्या भागातून येणारा गाळ घटला. राळेगण सिद्धी आणि हिवरे बाजार ज्यांना ठाऊक आहेत, त्यांना यातले तत्त्व लगेच कळेल. मला यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट वाटते ती अशी: जगातल्या नामवंत वास्तुरचनाकारांनी आखलेल्या शहराचा तलाव वाचवण्याचा उपाय शहराच्या आराखड्यात नव्हता. तो एका खेड्याच्या चराईच्या आणि पाण्याच्या हक्कांत होता, म्हणजे नेमका ‘वाजिब-उल-अर्ज’मध्ये ज्याची नोंद होते त्या गोष्टींत.

पुढे २०२० च्या मार्चमध्ये पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाने सुखना तलावाला सजीव व्यक्तीचा दर्जा दिला आणि त्याच्या पाणलोटातली बांधकामे हटवायला सांगितले. २०२३ च्या जुलैत २४ तासांत ३०० मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला, तलावाचे दरवाजे उघडावे लागले आणि खालच्या अंगाच्या किशनगढ, मक्खनमाजरा भागातल्या पुलांना त्याचा फटका बसला. पाणी जुन्या चोच्याच वाटेने गेले. सेक्टरांच्या नकाशात ती वाट एक निळी रेघ आहे. गावांच्या शजऱ्यात तिचे पात्र, तिची पड, तिच्या काठची न कसलेली जमीन सगळे नोंदलेले असते. पूररेषा ठरवायला याहून चांगला ऐतिहासिक पुरावा कुठला?

आता गंभीर आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप माणुसकीचा आहे. पश्चिम पंजाबातून लाखो माणसे उघड्यावर आली होती, राज्याला राजधानी हवी होती, कुठेतरी जमीन घ्यावीच लागणार होती. हे पूर्ण खरे आहे. जागा आखताना कमीत कमी गावे उठावीत असा विचारही झाला होता. चंदीगड व्हायलाच नको होते असे कोणी शहाणा माणूस म्हणणार नाही. पण निर्वासितांना घर देण्यासाठी ज्यांची घरे गेली, तेही विस्थापितच होते. एकाच्या दुःखाचे स्मारक करायचे आणि दुसऱ्याचा उल्लेखही टाळायचा, हा न्याय नव्हे.

दुसरा आक्षेप मला अधिक विचार करायला लावणारा वाटतो. सेक्टरांना क्रमांक दिले म्हणून चंदीगडचा पत्ता सांगताना जात, गाव, धर्म कळत नाही. जुन्या गावांपैकी काहींची नावे जातींवरूनच होती. महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळानेही २०२० च्या डिसेंबरमध्ये वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला आणि तो योग्यच होता. मग जुनी नावे उकरून काढायची कशाला? उत्तर असे की, पत्ता आणि इतिहास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सेक्टर १७ चे नाव बदला असे कोणी म्हणत नाही. पण तिथे कोणते गाव होते, त्याची शामलात किती होती, मोबदला कोणाला मिळाला आणि कोणाला नाही, हे दडवल्याने जातीचा अन्याय पुसला जात नाही, त्याचा पुरावा मात्र पुसला जातो. ज्या भूमिहीनांना काहीच मिळाले नाही त्यांच्या वतीने बोलायचे तर तो जुना कागदच हाती लागतो.

तिसरा आक्षेप राजकीय आहे: चंदीगड कोणाचे, हा पंजाब-हरियाणाचा वाद अजून धगधगतो आहे, त्यात गावांच्या भाषेचा आणि मूळ मालकीचा इतिहास म्हणजे तेल ओतणे. पंजाब-हरियाणाची सीमा ठरवणाऱ्या १९६६ च्या शाह आयोगाने बहुमताने खरड तहसील चंदीगडसह हरियाणाला द्यावी असे म्हटले आणि त्यासाठी १९६१ च्या जनगणनेतल्या भाषेच्या आकड्यांचा आधार घेतला. ते आकडे धार्मिक-भाषिक तणावात नोंदले गेले होते, हे सगळ्यांना ठाऊक होते. १ नोव्हेंबर १९६६ ला केंद्राने शहर आपल्याकडे ठेवले. १९६९ मध्ये दर्शनसिंग फेरुमान यांनी चंदीगडसाठी उपोषणात प्राण दिले. १९८५ च्या राजीव-लोंगोवाल करारात २६ जानेवारी १९८६ ही चंदीगड पंजाबकडे सोपवण्याची तारीख ठरली. त्याच्या बदल्यात अबोहर-फाजिल्काचा हिंदी भाषक भाग हरियाणाला जोडायचा तर सलगता हवी, आणि ती येऊन थांबली कंदूखेडा नावाच्या एका गावावर. तिथे भाषेची स्वतंत्र मोजणी झाली, गावाने पंजाबी लिहिली आणि बेत फसला. बेळगाव-कारवारच्या ८६५ गावांसाठी २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात उभ्या असलेल्या महाराष्ट्राचा युक्तिवादच ‘खेडे हा घटक’ या तत्त्वावर उभा आहे. खेडे हा घटक मानायचा तर खेड्याची नोंद प्रामाणिक हवी. पंजाब-हरियाणाचा वाद गावांच्या इतिहासामुळे चिघळला नाही. गावांना विचारण्याऐवजी तहसिलीचे संशयास्पद आकडे पुढे केले गेले, म्हणून चिघळला.

शहरीकरण, विलीनीकरण झाले की गाव विसरले जाणारच, हा काही निसर्गनियम नव्हे. पश्चिम जर्मनीत १९६०-७० च्या दशकांत मोठी प्रशासकीय पुनर्रचना झाली. ४२५ ग्रामीण जिल्ह्यांचे २३७ झाले, चोवीस हजारांहून अधिक स्थानिक संस्था साडेआठ हजारांच्या घरात आल्या. तरी विलीन झालेल्या गावाच्या वेशीवर आजही पिवळी पाटी असते. वर ठळक अक्षरांत गावाचे नाव आणि खाली ज्यात ते विलीन झाले त्या संस्थेचे व जिल्ह्याचे. लुखोव-डानेनबेर्ग हा जर्मनीतला सर्वांत कमी लोकसंख्येचा ग्रामीण जिल्हा. पन्नास हजारांच्या आतबाहेर वस्ती. मधल्या मोकळ्या जागेभोवती वर्तुळात घरे मांडलेली तिथली गावे मध्ययुगापासूनची. तिथली स्लाव्ह मुळाची वेंडिश भाषा अठराव्या शतकात मेली, पण तिचे शब्द आपल्यापर्यंत पोहोचले. झ्यूटन गावातल्या योहान पारुम शुल्त्झ या खानावळ चालवणाऱ्या शेतकऱ्याने आपल्या गावाची बखर लिहिताना ते टिपून ठेवले म्हणून. याच जिल्ह्यातल्या गोर्लेबेन येथे अणुकचरा पुरण्याचा बेत १९७७ पासून पुढे रेटला गेला, शेतकरी ट्रॅक्टर घेऊन दशकानुदशके रस्त्यावर उतरले आणि २०२० मध्ये ती जागा यादीतून वगळली गेली. ज्या मुलखाला आपला भूगोल आणि इतिहास तोंडपाठ असतो, त्याच्या माथी कचरा मारणे इतके सोपे जात नाही. डड्डूमाजऱ्याला ती ताकद मिळालेली नाही.

महाराष्ट्राने यात चंदीगडपेक्षा एक गोष्ट बरी केली. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि नवी मुंबईसाठी ९५ गावांची जमीन घेतली गेली. तरी वाशी, नेरूळ, तुर्भे, घणसोली, कोपरखैरणे ही नावे नोडांना आणि रेल्वे स्थानकांना टिकून राहिली. हक्क मात्र असे सहज मिळाले नाहीत. १९८४ च्या जानेवारीत जासई-पागोटे परिसरात पाच शेतकरी पोलिसांच्या गोळीबारात मेले, दि. बा. पाटलांचा लढा झाला, तेव्हा कुठे साडेबारा टक्क्यांची योजना आली. चंदीगडच्या विस्थापितांना विकसित जमिनीत असा वाटा मिळालाच नव्हता. तरीही नवी मुंबईच्या गावठाणांच्या हद्दी, त्यांचा विस्तार, तलाव आणि गुरचरण यांचे वाद अजून मिटलेले नाहीत, कारण आराखडा आधी झाला आणि गावाची मोजणी मागे राहिली.

आता २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये उरण, पनवेल आणि पेण तालुक्यांतली १२४ गावे ‘तिसऱ्या मुंबई’साठी अधिसूचित झाली आहेत आणि एमएमआरडीए त्यांचे नियोजन प्राधिकरण ठरली आहे. इथे अजून वेळ गेलेली नाही. विकास आराखड्याचा पहिला मसुदा निघण्याआधी प्रत्येक गावाचा गाव नकाशा, जुन्या मोजणीचे टिपण, फेरफार, गुरचरण आणि खारबंदिस्तीच्या नोंदी, निस्तारपत्रके आणि वाजिब-उल-अर्ज असतील तिथे तीही, एकत्र करून लोकांसमोर खुली करावीत. गावठाणाची रेषा आज राहणाऱ्या कुटुंबांची मोजणी करून आखावी, शंभर वर्षांपूर्वीच्या नकाशावरून नव्हे. मिठागरात मजुरी करणाऱ्या, खाडीत मासेमारी करणाऱ्या आणि कूळ म्हणूनही नोंद नसलेल्या माणसांची यादी भूसंपादनाच्या नोटिशीआधी तयार व्हावी, कारण नोटीस निघाल्यावर सातबाऱ्यावर नाव नसलेला माणूस कोणालाच दिसत नाही. चंदीगडनेही आपल्या हदबस्तांचे शजरे सेक्टरांच्या नकाशावर बसवून जाहीर करावेत. ते दप्तर महसूल खात्याच्या कपाटांत आहे, आणि त्या गावांत जन्मलेली, आता ऐंशीच्या घरातली माणसे अजून मोहाली-खरडच्या आसपास हयात आहेत.